ईएससीची लाइट परत परत लागतेय? स्टीअरिंग अँगल सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

गेल्या पावसाळ्यात एका सरांची गाडी माझ्या गॅरेजला दुसऱ्यांदा आली, तेव्हा डॅशबोर्डवर तीच ईएससीची पिवळी लाइट होती. घसरणारी गाडी आणि तिच्यामागे नागमोडी चाकोऱ्या, असं चित्र असलेली. सर शाहूवाडीकडचे, नोकरी घाटाखाली, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी आंबा घाट उतरायचा आणि चढायचा. "दादा, सेन्सर नवा घातलाय, बिल दाखवू का?" म्हणत त्यांनी फाइलच पुढं केली. आधी एका वर्कशॉपमध्ये स्टीअरिंग अँगल सेन्सर, म्हणजे स्टीअरिंग किती फिरलंय ते मोजणारा भाग, बदलला होता. चार दिवस लाइट गेली आणि पाचव्या दिवशी घाटात परत लागली. मग गाडी माझ्याकडे आली. मी झिरो सेटिंग केलं, म्हणजे स्टीअरिंग सरळ असतानाची जागा शून्य अंश धरायला सांगितली, कोड डिलीट केला, रंकाळ्यापर्यंत एक फेरी मारली आणि गाडी दिली. आठवड्याने सर परत दारात.

ही गाडी शेवटी कशी सुटली ते पुढे सांगतो. पण या एका लाइटपायी लोकांचे किती पैसे वाया जातात ते मी रोज बघतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. स्कॅनरवर "स्टीअरिंग अँगल सेन्सर" असे शब्द दिसले की सेन्सर बदलायचा, ही सवय मोडायला हवी. त्या कोडचा अर्थ सेन्सर मेला असा नसतो. कॉम्प्युटरला स्टीअरिंगच्या कोनाचा भरवसा वाटत नाही, एवढंच तो सांगतो. भरवसा का उडाला, ते आपण शोधायचं असतं.

हा सेन्सर करतो काय

ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) म्हणजे गाडी घसरायला लागली तर एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. 1995 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशची ही यंत्रणा आली, तेव्हा ती श्रीमंतांची गोष्ट होती. आता तशी राहिली नाही. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅपचं, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षिततेचं, स्टार रेटिंग सुरू झालं आणि त्यात तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी लागतंच. त्यामुळे साध्या हॅचबॅकमध्येही ते येतंय आणि तालुक्याच्या गॅरेजलाही या लाइटची ओळख झाली आहे.

ईएससीला दोन गोष्टी कळाव्या लागतात. ड्रायव्हरला गाडी कुठे न्यायची आहे आणि गाडी खरोखर कुठे चालली आहे. पहिली गोष्ट अँगल सेन्सर सांगतो. दुसरी गोष्ट यॉ रेट सेन्सर, म्हणजे गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय ते मोजणारा, आणि चारही चाकांचे स्पीड सेन्सर मिळून सांगतात. दोन्हींचा मेळ बसला नाही की ईएससी मध्ये पडतं.

सेन्सर असतो स्टीअरिंगच्या खाली, कॉलमवर, बहुतेक वेळा हॉर्न आणि एअरबॅगच्या क्लॉकस्प्रिंगला (स्टीअरिंगबरोबर गुंडाळत-सुटत जाणाऱ्या वायरींच्या पट्टीला) लागून. कॉलमबरोबर एक मोठं गिअर फिरतं आणि ते दोन छोट्या गिअरांना फिरवतं. छोट्या गिअरांच्या दात्यांत एकाचाच फरक असतो आणि दोघांवर चुंबक बसवलेले असतात. दात्यांच्या या फरकामुळे दोन चुंबकांची जोडी स्टीअरिंगच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये कधीही तशीच्या तशी परत जुळत नाही. म्हणून चावी दिल्याबरोबर सेन्सर सांगू शकतो की स्टीअरिंग आत्ता डावीकडे सव्वा फेरी आहे. काही गाड्यांत मात्र खाचांची चकती आणि प्रकाश वापरून मोजणारा सेन्सर असतो. त्यातल्या काहींना फेऱ्या लक्षात ठेवायला सतत बॅटरीचा सप्लाय लागतो आणि तो तुटला की ते मोजणी विसरतात. हा फरक लक्षात असू द्या, खाली बॅटरीच्या भागात कामाला येईल. आणि काही इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या गाड्यांत वेगळा सेन्सर नसतोच, कोन स्टीअरिंगच्या युनिटमधूनच घेतला जातो. सुटा भाग मागवण्याआधी आपल्या गाडीत तो वेगळा आहे का, हे बघून घ्या.

आधी विचारा: लाइट लागते कधी?

स्कॅनर लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न तीन-चार पद्धतींनी विचारतो. लाइट नेमकी कधी लागते? अर्धं निदान तिथेच होतं.

रोज सकाळी पहिला सेल्फ मारला की लागते आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आपोआप जाते, तर बॅटरीकडे बघा. अलाइनमेंट केल्यापासून, टायरॉड एंड किंवा रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारे भाग) बदलल्यापासून, नाहीतर स्टीअरिंगला कव्हर शिवून घेतल्यापासून सतत आहे, तर झिरोकडे बघा. चालता चालता खड्ड्यात किंवा वळणावर लागते आणि गाडी बंद करून चालू केली की जाते, तर वायरिंग आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग). पावसातच लागते, तर पाणी कुठून येतंय ते शोधा. आणि सहा महिने गाडी गावाकडे उभी होती, परत आणली तेव्हापासून आहे, तर टॉर्च घेऊन उंदरांच्या लेंड्या शोधा. यात विनोद काही नाही. उंदराने कुरतडलेल्या वायरी मी सेन्सरच्या बिघाडाइतक्याच वेळा बघितल्या आहेत.

लाइटबरोबर आणखी काय बंद पडलं तेही विचारा. रिव्हर्स कॅमेऱ्यावरच्या वळणाऱ्या रेषा स्टीअरिंगबरोबर हलायच्या थांबल्या असतील तर कोन गाडीपर्यंत पोचतच नाहीये. रेषा व्यवस्थित हलतायत आणि तरी लाइट आहे, तर कोन पोचतोय पण पटत नाहीये. गिऱ्हाइकाला हे घरबसल्या तपासता येतं, खर्च शून्य.

गाडी चालवायची की नाही? फक्त ईएससीची पिवळी लाइट असेल तर साधे ब्रेक चालू असतात, सावकाश गॅरेजपर्यंत येता येतं. एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, लाइटही लागली असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात, ओल्या रस्त्यावर फार जपून. ब्रेकची लाल लाइट असेल तर गाडी उभी करा. आणि एक लक्षण गंभीर आहे. साध्या वळणावर, सावकाश जाताना गाडी स्वतःहून एका बाजूला ब्रेक मारल्यासारखी ओढते आणि खालून खरखर ऐकू येते. तेव्हा सेन्सर मेलेला नसतो, चुकीचा कोन सांगत असतो आणि ईएससी त्यावर विश्वास ठेवून काम करत असतं. सेन्सर मेला तर ईएससी स्वतःला बंद करून घेतं, पण चुकीचं सांगणाऱ्या सेन्सरवर ते चाकाला ब्रेक लावून बसतं. अशा गाडीने घाट उतरू नका.

कोड वाचा, पण कोडपाशी थांबू नका

मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतं. "कोड नाही" असं आलं म्हणून खूश होऊ नका. एबीएस-ईएससीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, शिरणारा स्कॅनर हवा.

यू०१२६ दिसला तर अँगल सेन्सरशी बोलणं तुटलंय. म्हणजे सप्लाय, अर्थिंग, कॅनच्या (मॉड्यूलं ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन वायरी किंवा सेन्सर स्वतः. यू०४२८ म्हणजे बोलणं चालू आहे, पण माहिती न पटणारी. सी००५१ हा सेन्सरच्या सिग्नलबद्दलचा सर्वसाधारण कोड. कंपन्यांचे स्वतःचेही असतात. टोयोटात सी१२३१, ह्युंदाई-कियामध्ये सेन्सरच्या सिग्नलसाठी सी१२६० आणि झिरो केलेला नसेल तर सी१२६१, फोक्सवॅगन-स्कोडामध्ये ००७७८. कोड आत्ताचा आहे की जुना साठवलेला, तेही बघा. आणि डिलीट करण्याआधी सगळ्यांचा फोटो काढा. आधीच्या माणसाने फोटो न काढता कोड उडवलेले असतील तर घाटातलं वळण पुरावा घेऊन गेलं असं समजा, आणि ते परत यायची वाट बघावी लागते.

लाइव्ह डेटा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गाडी सपाट जागी घ्या. पन्नासेक मीटर सरळ चालवा आणि स्टीअरिंग न हलवता थांबा. हात सोडा. आता स्क्रीनवर कोन किती दिसतो? शून्याच्या आसपास, दोन-चार अंश इकडे-तिकडे चालतात. यॉ रेट शून्याजवळ हवा, कारण गाडी उभी आहे. उभ्या गाडीत तो आकडा नाचत असेल तर संशय दुसरीकडे न्या. एका गाडीत फ्लोअरचं मॅटिंग बसवणाऱ्याने गिअरच्या कन्सोलखालचा यॉ सेन्सर सोडवला होता आणि परत एकाच बोल्टवर तिरका बसवला होता. कोड मात्र स्टीअरिंगच्या कोनाबद्दल येत होता, कारण दोघांचं पटत नव्हतं आणि कॉम्प्युटरने दोष स्टीअरिंगला दिला. तसंच पुढच्या-मागच्या टायरांचे साइज वेगळे असले किंवा एका चाकात हवा फार कमी असली तरी सरळ रस्त्यावर चाकांचे स्पीड जुळत नाहीत आणि गाडी वळतेय असा समज होतो. म्हणून हवा आणि टायरचे साइज स्कॅनरच्याही आधी बघावेत.

आता स्टीअरिंग अगदी सावकाश डावीकडे टोकापर्यंत फिरवा. आकडा सलग वाढत गेला पाहिजे. कुठे अडकला, उडी मारली, क्षणभर रिकामा झाला, तर तो अंश वहीत लिहा. टोकाचा आकडाही लिहा. मग उजवीकडे तसंच. कुठल्या बाजूला उणे चिन्ह दाखवायचं हे गाडीगणिक वेगळं असतं, त्याने गोंधळू नका.

या तीन आकड्यांत, म्हणजे सरळ, डावं टोक आणि उजवं टोक, फार मोठी माहिती असते. ती कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. समजा डावं टोक ५६०, उजवं टोक उणे ५०० आणि सरळ चालताना ३०. टोकांचा मध्य काढा: ५६० आणि उणे ५०० मिळून ६०, त्याचा अर्धा ३०. म्हणजे मध्यही ३० आणि सरळही ३०. यांत्रिक बाजू ठीक आहे, फक्त सेन्सरचा झिरो चुकीच्या जागी धरला गेलाय. झिरो सेट करा, काम संपलं.

आता दुसरी गाडी. डावं टोक ५००, उजवं उणे ५६०, सरळ मात्र बरोबर शून्य. मध्य आला उणे ३० आणि सरळ शून्य, दोन्ही जुळत नाहीत. कुणीतरी झिरो केलेला आहे, पण रॅक मध्यावर नाही. असं कधी होतं? स्टीअरिंग काढून बसवताना दाता चुकला, चाक तिरकं दिसायला लागलं, आणि अलाइनमेंटवाल्याने स्टीअरिंग परत काढण्याऐवजी टायरॉड फिरवून ते सरळ दिसेल असं करून दिलं. डाव्या आणि उजव्या टायरॉडचे बाहेर दिसणारे आटे मोजा. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला चौदा दिसले तर उत्तर मिळालं. अशा गाडीत कितीही वेळा झिरो करा, एका बाजूचं वळण कायम लांबच लागणार, आणि स्टीअरिंग युनिटला स्वतःचा मध्य पटत नसेल तर लाइटही परत येणार. आधी स्टीअरिंग योग्य दात्यावर, मग रॅक मध्यावर, मग दोन्ही टायरॉड सारखे, मग अलाइनमेंट, आणि झिरो सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की गाडी फिरून फिरून येते.

अलाइनमेंट करून घेणाऱ्यांनी एवढंच विचारावं: "अँगल सेन्सर झिरो केला का?" टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) बदलला की सरळ चालताना स्टीअरिंगची जागा बदलते, आणि सेन्सरला ते कुणीतरी सांगावं लागतं. काही गाड्या थोडं सरळ चालवल्यावर स्वतःच शिकतात, काहींना स्कॅनरनेच सांगावं लागतं.

बॅटरी आणि सेल्फ

सकाळी लाइट लागून शंभर-दोनशे मीटरवर जाते, ही तक्रार थंडीत वाढते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट भरलेली, १२.४ पर्यंत ठीक. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीचं आयुष्य संपत आलंय. त्या एक-दोन सेकंदांत इंजिन कसंबसं चालू होतं, पण लहान मॉड्यूलं मध्येच बंद पडून परत जागी होतात. फेऱ्या लक्षात ठेवणारा सेन्सर अशा वेळी मोजणी विसरतो. मग चार पावलं सरळ गेलं की त्याला परत आठवतं आणि लाइट जाते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

बॅटरी बदलल्यावर लागलेली लाइट तर कितीतरी वेळा फुकटात जाते. इंजिन चालू ठेवा, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर, आणि थोडं सरळ चालवा. सगळ्या गाड्यांत चालत नाही, पण बऱ्याच गाड्यांत चालतं. आणि बॅटरी चांगली असूनही तक्रार राहिली तर सेन्सरला चोवीस तास सप्लाय देणारा फ्यूज आणि बॉडीचं अर्थिंग तपासा.

वायरिंग: सरांची गाडी

सरांच्या गाडीत बॅटरी नवी होती, तीन आकडे जुळत होते, सरळ चालताना २.३ अंश. पहिल्यांदा मी इथेच थांबलो होतो आणि ती माझी चूक होती. उभ्या गाडीत स्टीअरिंग एकदाच फिरवून बघितलं होतं. दुसऱ्यांदा मी ते दहा वेळा फिरवलं, दर वेळी सावकाश, स्क्रीनवरून डोळा न हलवता. सातव्या फेरीला डावीकडे २१२ अंशांवर आकडा थिजला आणि खाली रेघ आली. यू०१२६. परत फिरवलं, तीन वेळा काही नाही, चौथ्यांदा पुन्हा २१२ च्या आसपास.

ठरावीक कोनावर बिघाड म्हटलं की पहिला विचार सेन्सरच्या आतल्या घाणीचा किंवा तुटलेल्या दात्याचा येतो. पण सेन्सर नवा होता. मग उजवीकडे फिरवायला लागलो आणि उणे १४८ वर तेच झालं. मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. २१२ आणि १४८. बेरीज ३६०.

म्हणजे दोन्ही वेळा स्टीअरिंगचा दांडा एकाच स्थितीत होता, बरोबर एका फेरीच्या अंतरावर. सेन्सरचं शरीर कॉलमला घट्ट बसलेलं, त्याच्या वायरी फिरत नाहीत. मग फिरतंय काय आणि ते कशाला लागतंय? सीट मागे सरकवली, पेडलांच्या वर डोकं घातलं, टॉर्च धरली आणि मुलाला स्टीअरिंग फिरवायला सांगितलं. कॉलमच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटला आवळणारा बोल्ट असतो. त्याचं डोकं बाहेर आलेलं असतं आणि दांड्याबरोबर फिरतं. कुणीतरी म्युझिक सिस्टिम बसवताना कॉलमखालचा हार्नेस (वायरींचा जुडगा) मूळ क्लिपमधून काढून टायने भलतीकडे बांधला होता. हार्नेस खाली लोंबत होता आणि दर फेरीला तो बोल्ट त्याला एकदा बोटाने ढोसल्यासारखा ढकलत होता.

टेप सोडवला. सेन्सरच्या सप्लायच्या वायरीवर एक चकचकीत, दाबलेला पट्टा होता, नखाएवढा. वरचं प्लॅस्टिक फाटलेलं नव्हतं. दोन बोटांत धरून वाकवलं तर तिथे वायर कांद्याच्या पातीसारखी लुळी लागली. आत तांब्याचे धागे तुटलेले होते, दोन-तीनच शिल्लक. ढोसलं की सप्लाय जायचा, सोडलं की यायचा. सेन्सर बदलताना हार्नेस हलला, धागे जरा बरे टेकले, म्हणून चार दिवस लाइट गेली होती. जुना सेन्सर चांगला होता.

म्हणून या कामात मीटर कसं लावायचं ते नीट समजून घ्या. कपलर काढून मीटर लावलं तर दोन धाग्यांच्या वायरीतूनही १२ व्होल्ट दिसतात. मीटरला करंट लागतच नाही. कपलर जोडलेला ठेवून मागून पिन घालून मोजा आणि मोजताना हार्नेस हलवा, वाकवा, स्टीअरिंग फिरवा. अर्थिंगसाठी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सेन्सरच्या अर्थिंग पिनला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. हवं तर पाच वॉटचा बल्ब सप्लायवर लावून बघा, तो मंद पेटला की कळलं. पण बल्ब कॅनच्या वायरींना लावू नका, आणि पिवळ्या कपलरच्या वायरींना मीटरही लावू नका, त्या एअरबॅगच्या आहेत.

कॅन तपासायला बॅटरी काढा आणि कॅन-हाय आणि कॅन-लोमधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० दिसला तर एका बाजूची तार तुटलीय, शून्याजवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. बॅटरी जोडून चावी दिल्यावर हायवर अडीचपेक्षा किंचित जास्त आणि लोवर अडीचपेक्षा किंचित कमी व्होल्ट दिसतात. मात्र ज्या गाडीत बाकी सगळी मॉड्यूलं बोलतायत आणि फक्त सेन्सर गप्प आहे, तिथे कॅनची मुख्य लाइन ठीक असते. बिघाड सेन्सरपर्यंतच्या शेवटच्या वायरींत किंवा सेन्सरमध्ये.

पावसातल्या तक्रारीला काचेखालची पाण्याची वाट बघा. पानांनी तुंबली असेल तर पाणी आत फ्यूज बॉक्सवर किंवा पेडलांकडे उतरतं. कपलरच्या पिनांवर हिरवट चुरा दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, वाळवा. गंज काढायचा तेलकट स्प्रे सेन्सरवर मारू नका. प्रकाशावर चालणारा सेन्सर त्याने आंधळा होतो.

सेन्सर खरोखर गेला असेल तर

जातो, नाही असं नाही. सप्लाय, अर्थिंग, कॅन तिन्ही नीट आणि तरी गप्प. किंवा वायरिंग निर्दोष असूनही आकडा ठरावीक कोनावर उडी मारतो आणि ३६० चा हिशोब जुळत नाही. किंवा स्टीअरिंग फिरवलं तरी आकडा थोडा उशिरा निघतो, म्हणजे कॉलमला पकडणारा प्लॅस्टिकचा कान तुटलाय. हॉर्न वाजत नाही किंवा एअरबॅगची लाइटही बरोबर आहे, तर क्लॉकस्प्रिंग आधी बघा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही एकाच असेम्ब्लीत येतात.

काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा आणि किमान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. एअरबॅग काढली की तोंड वर करून ठेवा, तिच्यावर काही ठेवू नका. चाकं सरळ, स्टीअरिंग आणि दांड्यावर मार्करने रेघ, मग नट सोडा. ती एक रेघ मारायला पाच सेकंद लागतात आणि ती न मारल्याने वर सांगितलेली दात्याची सगळी भानगड होते. क्लॉकस्प्रिंग मध्यावर आणून बाण जुळवूनच बसवा. ती न जुळवता बसवली तर पहिल्याच पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते. जुन्या बाजारातून भाग आणणार असाल तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, आणि काही गाड्यांत कोडिंग केल्याशिवाय दुसऱ्या गाडीचा सेन्सर स्वीकारलाच जात नाही.

नंतर झिरो. सपाट जागा, चारही टायरांत बरोबर हवा, डिकीत पोती नाहीत, दारं बंद, गाडीत हालचाल नाही, कारण बऱ्याच गाड्यांत यॉ सेन्सरचा झिरोही याच वेळी धरला जातो. परत पन्नास मीटर सरळ चालवून, स्टीअरिंग न हलवता थांबून मगच स्कॅनरवर झिरोचं बटण दाबा. डोळ्यांनी स्टीअरिंग सरळ दिसतंय म्हणून दाबू नका. नंतर लगेच गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. स्कॅनर लावूनच दोन्ही बाजूंना पूर्ण वळणं, थोडा खराब रस्ता, थोडा हायवे, आणि शेवटी सगळी मॉड्यूलं पुन्हा वाचा.

सरांच्या गाडीत नवीन भाग काहीच लागला नाही. दाबलेला तुकडा कापून तिथे तेवढ्याच जाडीची वायर डाग देऊन जोडली, हीटश्रिंक चढवलं, हार्नेस मूळ क्लिपमध्ये परत बसवला आणि बोल्टच्या फिरण्यापासून चार बोटं लांब आहे ना ते स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बघितलं. झिरो केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर गाडी चालवत होते, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. आंब्यापासून साखरप्यापर्यंत उतरलो आणि परत चढलो. धुकं होतं, पाऊस बारीक पडत होता, प्रत्येक अवघड वळणाला मी आकडा मोठ्याने वाचत होतो आणि सर नुसते "हं" म्हणत होते. आकडा एकदाही थिजला नाही. त्यांच्या फाइलमधला तो जुना सेन्सर मी मागून घेतला, आणि कामावर नव्या येणाऱ्या मुलांना मी आता तो हातात देतो: गिअर फिरवून बघा, यात काही बिघडलेलं दिसतं का सांगा.